आल्मेदाचा सीमादुर्ग व त्याचे दोन स्फोट

[१] प्रस्ताव

पोर्तुगाल व स्पेन यांच्या सरहद्दीवर, पोर्तुगालच्या बैरा प्रांतांत, आल्मेदा नांवाचा एक दुर्ग आहे. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसातशें मीटर उंचीच्या उघड्या माळावर तो वसलेला असून त्याच्या पश्चिमेस कोआ नदीची खोल दरी व पूर्वेस थोड्याच कोसांवर स्पेनची हद्द आहे. किल्ल्याच्या आंत एक लहानसें गांव नांदत आहे. तट, बुरूज, खंदक व दरवाजे जवळजवळ संपूर्ण उभे आहेत. मात्र जेथें एके काळीं जुना बालेकिल्ला होता, तेथें आज पाया व भिंतींचे थोडे अवशेष एवढेंच दिसतें. चोहों बाजूंनीं अभंग तट आणि आंत ही एक रिकामी जागा, असा हा देखावा आहे. ती जागा रिकामी कां पडली आणि पुढें रिकामीच कां राहूं दिली, हें सांगणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

इ. स. १८१० च्या ऑगस्टपासून १८११ च्या मेपर्यंत, म्हणजे नऊ महिन्यांच्या आंत, या किल्ल्यांत दोन मोठे स्फोट झाले. पहिला दैववशात् झाला. दुसरा बुद्धिपुरःसर घडवून आणण्यांत आला. पहिल्यानें बालेकिल्ला नाहींसा केला, दुसऱ्यानें तटाचे भाग उडविले. दोन्ही वेळां धूर विरल्यावर दोषी कोण याचा शोध सुरू झाला, आणि दोन्ही वेळां तो एका मनुष्यापाशीं येऊन थांबला. त्यांपैकीं एकास गोळ्या घालण्यांत आल्या. दुसऱ्यानें स्वतःच्या हातानें प्राण दिला. कागदांनीं दिलेला निर्णय आणि दगडांनीं ठेवलेली साक्ष यांत येथें जें अंतर पडतें, तें जुनीं साधनें जमविणाऱ्या व जपणाऱ्या मंडळींनीं लक्षांत घेण्यासारखें आहे.

हा विषय आपल्या इतिहासापासून अगदींच तुटलेला आहे असेंहि नाहीं. ज्या दुर्गरचनेचा हा नमुना, तीच रचना पोर्तुगीजांनीं वसईस केली. ज्या सेनापतीच्या योजनेंत हा किल्ला होता, त्यानेंच १८०३ सालीं अहमदनगर व गाविलगड घेतले. आणि या किल्ल्यांतील शिबंदीस फ्रेंचांकडे वळविण्याच्या खटपटींत जो पोर्तुगीज सरदार होता, त्याच्या घराण्याचा किताबच मुळीं गोव्यांतील एका किल्ल्यावरून पडलेला होता. हे तीनहि धागे योग्य त्या ठिकाणीं येतील.

[२] सरहद्द व दुर्गरचना

कोआ नदीच्या पूर्वेकडील ही पट्टी पोर्तुगालच्या ताब्यांत कायमची आली ती ता. १२ सप्टेंबर १२९७ रोजीं आल्कान्यीसेस येथें झालेल्या तहानें. तह करणारा पोर्तुगालचा राजा दिनिस यानें आल्मेदास किल्ला बांधविला. सोळाव्या शतकाच्या आरंभीं मानुएल राजाच्या कारकीर्दींत त्यांत सुधारणा झाल्या. याच मानुएल राजाच्या आज्ञेवरून दुआर्ते दे आर्मस नांवाच्या राजसेवकानें इ. स. १५१० च्या सुमारास सरहद्द फिरून पन्नासांहून अधिक किल्ल्यांचीं चित्रें काढलीं. हा हस्तलिखित ग्रंथ लिस्बन येथील तोरे दो तोंबो या सरकारी दप्तरखान्यांत आहे व त्यांत आल्मेदाहि आहे. बालेकिल्ला जमीनदोस्त होण्यापूर्वीं कसा दिसे, याचें हें जुनें व समक्ष पाहून काढलेलें साधन असल्यानें त्याची योग्यता मोठी आहे. इमारत गेली, तिचें चित्र कागदावर राहिलें.

इ. स. १५८० पासून साठ वर्षें पोर्तुगाल स्पेनच्या राजाखालीं होता. डिसेंबर १६४० मध्यें पोर्तुगीजांनीं तें जूं झुगारून दिलें व सरहद्दीवरचीं ठाणीं नव्यानें मजबूत करणें त्यांस भाग पडलें. त्याप्रमाणें १६४१ त, आल्व्हारो दे आब्रांशेस हा बैरा प्रांताचा लष्करी अधिकारी असतां, आल्मेदाच्या नव्या तटाचें काम सुरू झालें. तें पुढील शतकांतहि चालू होतें. जुना बालेकिल्ला तसाच मध्यें ठेवून गांवाभोंवतीं नवा कोट घालण्यांत आला.

या नव्या कोटाची रचना तोफांच्या युगाची आहे. उंच तट व गोल बुरूज यांवर तोफेचा गोळा सरळ बसतो, आणि गोल बुरुजाच्या पायथ्याशीं शत्रु येऊन चिकटला तर त्यास दुसऱ्या बुरुजावरून नीट मारतां येत नाहीं. म्हणून या पद्धतींत तट बुटका व जाड, आंतून मातीनें भरलेला असा करतात, आणि बुरूज बाणाच्या फाळाप्रमाणें टोंकदार काढतात. त्यायोगें एका बुरुजावरील तोफा शेजारच्या बुरुजाची बाजू संपूर्ण झोडूं शकतात. आल्मेदास असे सहा बुरूज आहेत व दर दोन बुरुजांच्या मधल्या तटापुढें, खंदकाच्या पलीकडे, एकेक त्रिकोणी पडकोट आहे. सहा बुरूज व सहा पडकोट मिळून बारा टोंकांची चांदणी होते. कोटाचा घेर सुमारें अडीच हजार मीटर आहे. सां फ्रान्सिस्को व सांतु आंतोनियो हे दोन मुख्य दरवाजे असून दोन्ही ठिकाणीं आंत येणारास आधीं पडकोटांतील दरवाजा, मग खंदकावरील पूल व नंतर तटांतील दरवाजा असे टप्पे ओलांडावे लागतात. सां जुआंव दे देउस नांवाच्या बुरुजाच्या पोटांत वीस तळघरें आहेत. गोळे पडूं लागले म्हणजे लोकांनीं तेथें आसरा घ्यावा.

ज्यांनीं वसईचा कोट फिरून पाहिला आहे, त्यांस ही रचना समजावून देण्याची गरज नाहीं. वसईचे टोंकदार बुरूज व त्यांस दिलेलीं साधुसंतांचीं नांवें याच परंपरेंतील होत. तेथील सां सेबास्तियांव बुरुजाजवळ मराठ्यांनीं मे १७३९ मध्यें सुरुंग उडवून खिंडार पाडलें आणि त्यानंतर लवकरच पोर्तुगीजांनीं कौल घेऊन वसई चिमाजी आप्पांच्या स्वाधीन केली. म्हणजे अशा कोटाचें मर्म दारूपाशीं असतें, हें आपल्याकडे आधींच प्रत्ययास आलें होतें. फरक इतकाच कीं, वसईस दारू बाहेरून तटाखालीं आली; आल्मेदास ती आंतच, गांवाच्या मध्यभागीं सांठविलेली होती.

आल्मेदाचें पहिलें मोठें अपयश १७६२ सालचें. त्या वर्षीं स्पॅनिश फौजेनें वेढा घालून २५ ऑगस्ट रोजीं किल्ला घेतला. पुढील वर्षींच्या पॅरिसच्या तहानें तो परत मिळाला. ऑगस्टचा शेवट या दुर्गास पुढेंहि प्रतिकूलच ठरला.

[३] पहिला स्फोट

१८०७ च्या अखेरीस नेपोलियनच्या फौजांनीं पोर्तुगाल व्यापला, तेव्हां आल्मेदाहि त्यांच्या हातीं गेला. पुढील वर्षीं सिंत्रा येथील करारानें फ्रेंच देश सोडून गेले व किल्ला पुनः पोर्तुगीजांस मिळाला. १८१० त नेपोलियननें मार्शल मासेना यास तिसऱ्या स्वारीवर पाठविलें. सरहद्दीपलीकडील सिउदाद रॉड्रिगो हें स्पॅनिश ठाणें जुलैमध्यें पडलें. ता. २४ जुलै रोजीं मार्शल नेय यानें क्रॉफर्डच्या इंग्रज-पोर्तुगीज तुकडीस आल्मेदाच्या माळावरून कोआच्या पुलापलीकडे रेटलें, आणि किल्ला एकटा पडला.

इंग्रज-पोर्तुगीज फौजेचा सेनापति वेलिंग्टन हा होता. सात वर्षांपूर्वीं याच आर्थर वेलस्लीनें अहमदनगरचा किल्ला चारपांच दिवसांत, व मोठ्या कीर्तीचा गाविलगड तोफा डागल्यापासून दोनतीन दिवसांत घेतला होता. आतां त्याची भूमिका उलट होती. त्यास किल्ला घ्यावयाचा नव्हता; दुसऱ्यानें तो पुष्कळ दिवस झुंजवावा अशी त्याची अपेक्षा होती. लिस्बनच्या उत्तरेस तोरेस व्हेद्रास येथें टेकड्यांवरून मोर्च्यांच्या रांगा बांधण्याचें काम चालू होतें. आल्मेदानें फ्रेंचांस शरदांतील पाऊस सुरू होईपर्यंत अडकवून धरलें तर त्या कामास अवधि मिळावा, असा हा हिशेब होता.

किल्लेदार विल्यम कॉक्स हा पोर्तुगीज सेवेंतील इंग्रज अधिकारी होता. त्याच्या हाताखालीं पायदळाची एक कवाइती पलटण, प्रांतांतील हंगामी शिपायांच्या तीन पलटणी, गोलंदाज व थोडे स्वार मिळून चार-पांच हजार माणूस होतें. तटावर शंभरांवर तोफा होत्या. अन्नसामग्री भरपूर होती, दारूहि भरपूर होती. परंतु त्या दारूचा मुख्य सांठा मध्ययुगीन बालेकिल्ल्यांत ठेवलेला होता. सतराव्या शतकांतील तज्ज्ञांनीं बाहेरचा कोट काळानुरूप केला. आंतील जुनी वास्तु मात्र, मजबूत भिंतींची म्हणून, दारूखाना होऊन बसली.

ता. १५ ऑगस्टच्या रात्रीं फ्रेंचांनीं चर खणण्यास आरंभ केला. ता. २६ रोजीं पहाटे त्यांच्या सर्व मोर्च्यांवरून एकदम मारा सुरू झाला. दिवसभर किल्ल्यानेंहि जबाब दिला. संध्याकाळीं सातच्या सुमारास बालेकिल्ला उडाला.

प्रचलित हकीकत अशी. दक्षिणेकडील तटावर दारू पोंचविण्याचें काम चालू होतें. एक पिंप गळकें होतें. त्यांतून सांडलेल्या दारूची ओळ कोठाराच्या दारापर्यंत अंगणांत पडली. त्याच अंगणांत फ्रेंचांचा एक गरनाळी गोळा येऊन फुटला, ओळ पेटली, आणि दार लावून घेण्यापूर्वींच आग आंत पोंचली. बालेकिल्ला मुळापासून उखडला गेला, आसपासचीं घरें कोसळलीं, दूरच्या घरांचीं छपरें उडालीं. सुमारें ५०० माणसें मेलीं. त्यांत गोलंदाज पुष्कळ होते.

संस्कृत शास्त्रकार ज्यास काकतालीयन्याय म्हणतात, त्याचें यापेक्षां स्पष्ट उदाहरण इतिहासांत क्वचित् सांपडेल. कावळा बसण्यास व फळ पडण्यास एकच क्षण. त्या अंगणांत गोळा पडणें हें नवल नव्हतें. दारू सांडलेली असतां, व दार उघडें असतां पडणें हें नवल. मात्र यांत एक भाग दैवाचा नाहीं. संपूर्ण दुर्गाची दारू एका छपराखालीं, वस्तीच्या मध्यभागीं ठेवणें हा मनुष्याचा निर्णय होता, व तो १८१० च्या फार आधीं झालेला होता. दैवानें केवळ त्या निर्णयाचें फळ हातावर ठेवलें.

[४] दोषाचें खापर

स्फोटानंतरहि तट शाबूत होता. खिंडार कोठेंहि पडलें नव्हतें. नव्हती ती दारू. आणि तीवांचून शंभर तोफा म्हणजे ओतींव धातूचा ढीग. कॉक्सनें तरीहि रात्र धीरानें काढली व हल्ल्याची वाट पाहत तटावर माणसें उभीं केलीं. ता. २७ रोजीं मासेनानें कौलाचें बोलणें लावलें. वेळ काढावा या उद्देशानें कॉक्सनें तोफखान्याचा मुख्य बारेइरोस यास फ्रेंचांच्या छावणींत धाडलें. तो तेथेंच राहिला, परत आला नाहीं. आणि किल्ल्यांत दारू किती उरली आहे हें मासेनास कळलें. पुनः मारा सुरू झाला. आंतील पोर्तुगीज अधिकारी दुय्यम किल्लेदार कोस्ता ई आल्मेदा यास पुढें करून कॉक्सकडे गेले व आणखी झुंजणें व्यर्थ आहे असें त्यांनीं त्यास बजावलें. त्या रात्रीं किल्ला स्वाधीन झाला.

कौलाप्रमाणें कवाइती पलटणीनें कैदी होऊन फ्रान्सला जावयाचें होतें व हंगामी शिपायांनीं शस्त्र न धरण्याची शपथ घेऊन घरीं. येथें गोव्याचा धागा येतो. मासेनाच्या लष्कराबरोबर कांहीं पोर्तुगीज सरदार होते. त्यांत आलोर्नाचा तिसरा मार्किस हा प्रमुख. त्याचा आजा १७४४ ते १७५० पर्यंत गोव्याचा व्हिसरेइ होता. त्यानें १७४६ त सावंतवाडीकर भोंसल्यांचा पेडणें महालांतील हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल १७४८ त त्यास आलोर्नाचा मार्किस हा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे आपलें हळर्णच. आपल्यामागून येणाऱ्या अधिकाऱ्यासाठीं त्यानें लिहून ठेवलेली सूचनावजा तपशीलवार यादी मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच्याच नातवाचें नांव आल्मेदाच्या तटाखालीं स्वदेशीयांस शत्रूच्या चाकरींत येण्याचें आमंत्रण देणारांत यावें, हा काळाचा खेळ म्हटला पाहिजे. आमंत्रणास शिपायांनीं मोठ्या संख्येनें होकार दिला. आणि नंतर संधि मिळतांच बहुतेक जण पळून आपल्या फौजेस येऊन मिळाले. तो होकार फ्रान्सची कैद टाळण्यापुरताच होता, हें मासेनाच्या लवकरच ध्यानांत आलें. मार्किस पुढें नेपोलियनबरोबर रशियाच्या स्वारीस गेला व जानेवारी १८१३ मध्यें क्योनिग्सबर्ग येथें वारला.

पोर्तुगालांत या बातमीनें खळबळ उडाली. इतका मजबूत किल्ला मारा सुरू झाल्यापासून दोन दिवसांत पडतो, म्हणजे फितुरी असलीच पाहिजे, असें लोकांस वाटलें. कॉक्स फ्रान्सच्या कैदेंत होता. बारेइरोस फ्रेंचांच्या आश्रयास होता. मार्किस आलोर्ना हाताबाहेर होता. हातीं सांपडला तो कोस्ता ई आल्मेदा. त्याची लष्करी न्यायासनापुढें चौकशी होऊन १८१२ त त्यास गोळ्या घालण्यांत आल्या.

त्याचें वर्तन निर्दोष होतें असें प्रस्तुत लेखकाचें म्हणणें नाहीं. वेढ्यांत दुय्यमानें मुख्य अधिकाऱ्यावर दडपण आणून किल्ला देवविणें हा लष्करी नीतीनें अपराधच होय. परंतु अपराध व कारण हे दोन निराळे पदार्थ आहेत. कोस्ता ई आल्मेदा बोलला नसता, तर किल्ला कदाचित् आणखी एकदोन दिवस टिकता. दारूवांचून महिनाभर टिकता ना. किल्ला पडण्याचें कारण सायंकाळच्या सातच्या ठोक्याला अंगणांत घडून गेलें होतें. न्यायासनास मनुष्याची शिक्षा करतां येते, गळक्या पिंपाची नाहीं. आणि ज्यानें पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वीं दारूखान्याची जागा निवडली, त्याचीहि नाहीं.

आणखी एक गोष्ट. ज्या अवधीसाठीं हा सर्व हिशेब होता, तो वेलिंग्टनला पुष्कळसा मिळालाच. मासेनाजवळ दाणागोटा व गाड्या अपुऱ्या असल्यानें त्याची मुख्य चाल सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुरू झाली नाहीं. ता. २७ सप्टेंबरला बुसाकोच्या डोंगरावर त्यास मार बसला, आणि ऑक्टोबरांत तोरेस व्हेद्रासच्या रांगांपुढें तो येऊन अडला तो अडलाच. आल्मेदाच्या पतनानें युद्धाचा निकाल फिरला नाहीं. ज्या हानीसाठीं एका मनुष्याचा जीव घेण्यांत आला, ती पुढील इतिहासानें बरीचशी भरून काढली होती.

[५] दुसरा स्फोट

मार्च १८११ मध्यें मासेना पोर्तुगालांतून माघारा गेला, पण आल्मेदांत त्यानें जनरल ब्रेनिये याजबरोबर सुमारें १,४०० शिबंदी ठेवली. वेलिंग्टननें किल्ल्यास नाकेबंदी केली. ती उठविण्यासाठीं मासेना परत आला, ता. ३ व ५ मे रोजीं जवळच फुएन्तेस दे ओन्योरो येथें लढाई होऊन त्याचा प्रयत्न फसला. तेव्हां किल्ला निरुपयोगी करून शिबंदीनें निसटावें असा हुकूम त्यानें तीन शिपायांबरोबर पाठविला. दोघे शेतकऱ्यांच्या वेषांत होते. ते पकडले गेले व हेर म्हणून त्यांस मारण्यांत आलें. तिसरा, तिये नांवाचा, शिपायाच्या पोषाखांतच सरपटत जाऊन पोंचला.

ब्रेनियेनें तटांत सुरुंग भरले. तोफा निकामी करण्याकरितां तो रात्रीं एका तोफेच्या तोंडांत दुसरी डागीत असे. त्या आवाजांची वेढा घालणारांस संवय झाली. ता. १० मेच्या मध्यरात्रीच्या सुमारास बत्ती देऊन तो शिबंदीसह बाहेर पडला. मागें तटाचे भाग उडाले. पुढें नाकेबंदीची फळी फुटली. आग्वेदा नदीवरील बार्बा देल पुएर्कोच्या पुलावरून बहुतेक शिबंदी फ्रेंच फौजेस जाऊन मिळाली.

तो पूल अडविण्याचा हुकूम इंग्रजांच्या चौथ्या पलटणीस होता; पण पलटण वेळेवर पोंचली नाहीं. हुकूम जनरल अर्स्किन याच्या छावणींतून उशिरां निघाला, असें तिच्या बाजूचें म्हणणें होतें. वेलिंग्टनच्या खलित्यांत मात्र पलटण वाट चुकली असें लिहिलें गेलें. पलटणीचा नायक लेफ्टनंट-कर्नल चार्ल्स बेव्हन यानें चौकशीची मागणी केली. ती मान्य झाली नाहीं. ता. ८ जुलै १८११ रोजीं पोर्तालेग्रे येथें त्यानें स्वतःस गोळी घालून घेतली.

या दोन प्रकरणांची तुलना उद्बोधक आहे. कोस्ता ई आल्मेदा यास न्यायासन मिळालें, पण लोकक्षोभांत. बेव्हननें न्यायासन मागितलें, तें मिळालें नाहीं. दोन्ही ठिकाणीं वरिष्ठांच्या दप्तरांतील एक कागद हाच शेवटचा शब्द ठरला. खलिता लिहिणारा घटनास्थळीं नसतो. तो ऐकीव सांगतो. आणि तरीहि दप्तरांत जपला जातो तो त्याचाच कागद. पुराव्याचें तारतम्य ठरवितांना हें सदैव ध्यानांत ठेविलें पाहिजे.

[६] डागडुजी व जतन

१८११ च्या उत्तरार्धांत वेलिंग्टननें आल्मेदाची डागडुजी सुरू केली. किल्ला पुनः सज्ज होत आहे या मिषानें त्यानें तेथें मोठ्या तोफा आणविल्या, व जानेवारी १८१२ मध्यें त्याच तोफा नेऊन ता. १९ रोजीं सिउदाद रॉड्रिगो घेतलें. म्हणजे उडविलेला दुर्ग वर्षाच्या आंत कामास आला. म्हणूनच तेथें आज जो तट दिसतो, त्याच्या कांहीं भागांत सतराव्या शतकाचा मूळ दगड असून कांहीं भाग १८११ नंतरच्या दुरुस्तीचा आहे. पोर्तुगालच्या पुढील यादवी युद्धांत याच दुर्गांतील तळघरें राजकीय कैद्यांचा तुरुंग झालीं. शिबंदी येथून कायमची उठली ती १९२७ त, आणि १९२८ त सरकारनें किल्ला राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केला.

यानंतरचीं वीस वर्षें पोर्तुगालांतील जुन्या किल्ल्यांस मोठ्या कसोटीचीं गेलीं. १९४० त राष्ट्राच्या स्थापनेचा व पुनःस्वातंत्र्याचा जोड उत्सव झाला. त्या निमित्तानें अनेक मध्ययुगीन किल्ल्यांवरील नंतरचीं बांधकामें पाडून, पडलेले बुरूज नव्यानें चढवून, त्यांस कल्पित मूळ स्वरूप देण्यांत आलें. लिस्बनच्या सां जॉर्ज किल्ल्याचें आजचें रूप बरेंचसें त्याच काळचें आहे. आल्मेदाचा बालेकिल्ला तसा उभा करणें अशक्य नव्हतें. दुआर्ते दे आर्मसचें चित्र हाताशीं होतें, पाया जमिनींत होता. परंतु तो पुनः बांधला गेला नाहीं. पाया व अवशेष जसेच्या तसे मोकळे ठेवण्यांत आले. तट, दरवाजे व तळघरें यांची राखण झाली; तळघरांत २००९ पासून लष्करी इतिहासाचें संग्रहालय आहे. गांवाचा समावेश पोर्तुगालच्या ऐतिहासिक गांवांच्या योजनेंत झाला. सरहद्दीवरील एल्व्हास हें तटबंदीचें शहर २०१२ त जागतिक वारशांत गेल्यावर, २०१७ त आल्मेदा, मार्वांव व व्हालेन्सा यांचा एल्व्हासशीं जोडून विचार व्हावा म्हणून पोर्तुगालनें तीं नांवें तात्पुरत्या यादींत घातलीं. ऑगस्टच्या अखेरीस गांवांत वेढ्याचा देखावा करण्याचाहि प्रघात पडला आहे. जुन्या पोषाखांतील लोक तोफांचे बार काढतात व पाहुणे तटावर जमतात.

देखावा हा देखावाच. त्यास नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु देखाव्यांत स्फोट दरसाल होतो आणि माणसें घरीं परततात. खरा स्फोट काय होता हें समजण्यास त्या रिकाम्या जागेपाशींच उभें राहावें लागतें.

[७] निष्कर्ष

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा प्रश्न नवा नाहीं. पोथींतील एक पान वाळवीनें खाल्लेलें असतें. लेखक विद्वान् असेल तर त्यास आधींच्या व पुढच्या संदर्भावरून गेलेलीं अक्षरें बहुधा सुचतात. चांगला संपादक तीं समासांत लिहितो, किंवा कंसांत घालतो. मूळ जागा कोरी ठेवतो. वाईट संपादक तीं ओळींतच घुसवितो. दोन पिढ्यांनंतर मूळ कोणतें आणि क्षेपक कोणतें हें सांगणें अशक्य होतें, आणि वाळवीनें केलेल्या हानीपेक्षां दुरुस्तीनें केलेली हानि मोठी ठरते. १९६४ त व्हेनिस येथें वास्तुजतनाचे जे नियम तज्ज्ञांनीं ठरविले, त्यांतहि जेथें तर्क सुरू होतो तेथें पुनर्रचना थांबली पाहिजे हेंच तत्त्व आहे.

आल्मेदाचा तट ही दुरुस्त केलेली प्रत आहे. ती आवश्यक होती, कारण किल्ला वापरावयाचा होता. बालेकिल्ल्याची जागा हें त्याच पोथींतील त्रुटित पान आहे. त्या पानावर जें लिहिलेलें आहे तें कोणत्याहि खलित्यांत नाहीं. भिंती कोणत्या दिशेस फेंकल्या गेल्या, पायापर्यंत काय उरलें, आणि तट अभंग असतांहि आंतील दुर्ग कसा निमाला, हें सर्व तेथें एका दृष्टिक्षेपांत वाचतां येतें. कोस्ता ई आल्मेदा याच्यावरील आरोपास उत्तर देण्याची ताकद जर कशांत असेल, तर ती याच पायांत आहे. खिंडार नसलेला तट आणि उखडलेला दारूखाना, हीं दोन शेजारीं शेजारीं पाहिलीं म्हणजे किल्ला कशानें पडला हें विचारावें लागत नाहीं. तेथें नवा बालेकिल्ला उभारला असता, तर पाहुण्यांस एक सुंदर बुरूज दिसला असता आणि ही साक्ष कायमची बुजली असती.

आपल्याकडील पडक्या कोटांविषयीं विचार करतांना हें उदाहरण समोर ठेवण्यास हरकत नाहीं. वसईच्या तटावर सुरुंगाची जी जखम आहे ती मराठ्यांच्या पराक्रमाचा लेख होय. ती भरून काढणें म्हणजे तो लेख पुसणें. दगड ढासळूं नये, झाडाचीं मुळें भिंतींत शिरूं नयेत, पाणी मुरूं नये, एवढी काळजी अवश्य घ्यावी. त्यापुढें हात आंवरावा. दप्तरांतील कागद मनुष्य लिहितो व त्यांत त्याचा राग, लोभ, घाई उतरते. पडलेल्या भिंतीस कोणाची बाजू घ्यावयाची नसते. तिला आपण बोलूं द्यावें, इतकेंच.